गाळलेली बाई : संततिनियमनाच्या धड्यातील एक उणीव

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जनन स्वास्थ्यावर एक धडा आहे. धडा वाईट नाही. आदर्श गर्भनिरोधक कसे असावे, हे तो आधी सांगतो : वापरायला सोपे, सहज मिळणारे, खात्रीचे, हवे तेव्हा थांबवता येणारे, दुष्परिणाम नसलेले किंवा अगदी थोडे असलेले आणि कामेच्छेच्या आड न येणारे. मग नैसर्गिक पद्धती, निरोध, तांबी, गोळ्या, इंजेक्शने, शस्त्रक्रिया अशी ओळख होते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'सहेली' गोळीचाही उल्लेख येतो. शेवटी दुष्परिणामांची यादी आहे. तिच्यात मळमळ आहे, पोटदुखी आहे, मध्येच होणारा रक्तस्राव आहे, अनियमित पाळी आहे आणि स्तनाच्या कर्करोगाची शंकासुद्धा आहे. मन मात्र या यादीत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने हे कोणाला खटकण्याचे कारण नाही. वर्गाबाहेर ते फार खटकते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील विज्ञान-शिक्षकांबरोबर या धड्यावर बोलण्याचा योग आम्हाला आला, तेव्हा प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता लिहून द्यावेत असे ठरले होते. अंडाशयावर आणि फलनावर चिठ्ठ्या आल्याच. पण बऱ्याच चिठ्ठ्या वेगळ्या होत्या. माला-डीने डोके फिरते म्हणतात, खरे का? मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना तांबी बसवता येते का? ऑपरेशन झाल्यापासून वहिनी कशातच जीव घालत नाही, हे ऑपरेशनामुळे का? आमच्या मते या चिठ्ठ्या धड्याची खरी समीक्षा करत होत्या. ज्या स्त्रीला आधीच नैराश्य किंवा चिंताविकार आहे, तिने काय करावे हा त्या सर्वांमागचा प्रश्न. आणि ही स्त्री पुस्तकात नाही. ती आणखी कुठेकुठे गाळली गेली आहे, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

डेन्मार्कचे दहा लाख

पहिल्या चिठ्ठीपासून सुरुवात करू. गोळी आणि नैराश्य यांच्या संबंधाविषयी वृत्तपत्रांत जे काही येते, त्यातील बरेचसे एकाच अभ्यासाकडे बोट दाखवते. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची राष्ट्रीय नोंद होते. तिच्या आधारे १५ ते ३४ वर्षे वयाच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. संप्रेरकांची नेहमीची मिश्र गोळी घेणाऱ्या स्त्रियांत नैराश्यावरील औषध पहिल्यांदा सुरू होण्याचे प्रमाण, ती न घेणाऱ्यांच्या १.२३ पट निघाले. १५ ते १९ या वयात ते १.८ पट होते. मग मथळे आले : गोळीने नैराश्य २३ टक्क्यांनी वाढते, किशोरींत ८० टक्क्यांनी.

गणिताच्या शिक्षकाने इथे थांबावे. २३ टक्के कशाचे? संप्रेरकांची सर्व साधने एकत्र धरली, तर न वापरणाऱ्या १०० स्त्रियांमागे वर्षाला १.७ जणींना नैराश्यावरील औषध सुरू झाले. वापरणाऱ्या १०० मागे २.२ जणींना. म्हणजे हजार स्त्रियांमागे १७ च्या जागी २२. हा फरक नगण्य आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण त्या पाच जणी कुणाच्या तरी घरातल्या असतात. परंतु 'गोळी घेतली की डोके फिरते' या वाक्याला हा आकडा आधार देत नाही. हजारातील ९७८ जणींना ते औषध लागले नाही, हेही त्याच तक्त्यात आहे.

दुसरी अडचण तुलनेची. गोळी घेणारी आणि न घेणारी अशा दोन स्त्रियांत फरक फक्त गोळीचा नसतो. सोळाव्या वर्षी गोळी सुरू करणाऱ्या मुलीच्या आयुष्यात बहुधा एखादे नाते सुरू झालेले असते, आणि त्या वयातील नाती मनाला स्वस्थ बसू देत नाहीत. उलट दिशेची चूकही संभवते. गोळीने जिला खरोखर त्रास झाला, तिने ती सोडून दिलेली असते. वर्षानुवर्षे घेत राहतात त्या सोसलेल्या. अशा तगून राहिलेल्यांची मोजणी केली की त्रास आहे त्याहून कमी दिसतो. नोंदवह्यांवरून कारण ठरवणे किती कठीण असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली, तर ही अडचण उरत नाही. स्वीडनमध्ये तसा प्रयोग झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. ३४० निरोगी स्त्रिया, तीन महिने. गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल. हेच आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनचे घटक आणि हेच प्रमाण, त्यामुळे या प्रयोगाचे महत्त्व आपल्याला अधिक. नैराश्याच्या लक्षणांत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र एकूण बरे वाटणे, उत्साह, स्वतःवरचा ताबा यांचे गुण गोळीच्या गटात थोडे खाली आले. म्हणजे चिडचिड होते, हुरूप वाटत नाही असे सांगणारी बाई मनाचे काही रचून सांगत नाही. आणि तिला नैराश्याचा आजार जडला असेही त्यावरून ठरत नाही.

आता या दोन्ही अभ्यासांत काय नाही ते पाहा. डेन्मार्कच्या मोजणीतून, ज्यांना आधीच नैराश्याचे निदान झाले होते किंवा त्यावरील औषध चालू झाले होते, त्या स्त्रिया वगळल्या होत्या. स्वीडनच्या प्रयोगात सगळ्या निरोगी. शास्त्रीय दृष्ट्या हे बरोबरच आहे. नवीन आजार मोजायचा तर जुन्या आजारी बाजूला काढाव्या लागतात. पण जिला आधीच नैराश्य आहे तिला गोळी द्यायची की नाही, याचे उत्तर म्हणून जेव्हा हेच अभ्यास पुढे केले जातात, तेव्हा तो उघड गैरवापर ठरतो. चिठ्ठी लिहिणारी बाई त्या दहा लाखांत नव्हती.

तिच्याविषयीचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. जे आहेत, त्यांत संप्रेरकांच्या साधनांनी आधीचे नैराश्य बिघडल्याचे दिसलेले नाही. त्यांवर भिस्त ठेवून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या पात्रतेच्या तक्त्यात नैराश्याला मिश्र गोळी, इंजेक्शन, त्वचेखालची कांडी, तांबी या सर्वांसाठी पहिल्या श्रेणीत ठेवले आहे. श्रेणी चार असतात : पहिली म्हणजे खुशाल वापरा, चौथी म्हणजे मुळीच नको. मनाचा आजार आहे म्हणून साधन नाकारण्याला शास्त्राचा आधार नाही, इतके यावरून निश्चित म्हणता येते.

नाकारण्याचे परिणाम मात्र मोठे आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १८ ते २० वर्षांच्या मुलींकडून आठवड्यागणिक रोजनिशी लिहून घेणारा एक अभ्यास झाला. ज्यांच्यात नैराश्याची आणि ताणाची लक्षणे एकत्र होती, त्यांच्यात नको असताना दिवस जाण्याचे प्रमाण जास्त आढळले. यात गूढ काही नाही. झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, सकाळी उठवत नाही. अशा अवस्थेत रोज ठरल्या वेळी गोळी घेणे हे मोठेच काम होऊन बसते. सहेलीचीच गोळी आता सरकारी केंद्रात 'छाया' नावाने मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची. रोजची कटकट नाही हे खरे, पण आठवड्याचा वार लक्षात ठेवायला तेच मन लागते.

जिथे सावधगिरी हवी

पात्रतेच्या त्याच तक्त्यात एक बाब अशी आहे, जी आपल्याकडे कोणी वाचून दाखवत नाही. स्त्रीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेसमोर नैराश्याच्या रकान्यात 'सावधगिरीने' अशी खूण आहे. शस्त्रक्रिया करू नये असा तिचा अर्थ नाही. जादा तयारीने करावी असा आहे. गोळी, इंजेक्शन, तांबी यांपैकी कशालाही जी खूण नाही ती नेमकी ऑपरेशनाला आहे. आणि आपल्या राज्यात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी हेच साधन निवडलेले आहे. देशभरात पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के निघाले.

वहिनीची चिठ्ठी इथे आठवावी. गर्भनलिका बांधल्याने अंडाशयाचे काम थांबत नाही, संप्रेरके पूर्वीसारखीच स्रवतात, तेव्हा उदासीचे कारण संप्रेरकांत शोधण्यात अर्थ नाही. ते निर्णयात शोधावे लागते. निर्णय केव्हा झाला, कोणी केला, तेव्हा बाईची मनःस्थिती काय होती?

आपल्या सरकारी नियमावलीत याचे उत्तर अजब आहे. बाई निर्णय समजण्याइतकी मनाने धडधाकट असावी, असा नियम आहे. तो योग्य आहे. मानसिक आजार असेल तर मनोविकारतज्ज्ञाचा दाखला हवा, आणि तिच्या मनाच्या स्थितीविषयी पालकाने किंवा नवऱ्याने निवेदन द्यावे, असेही त्यात आहे. म्हणजे नियमाला दोनच प्रकारच्या बायका ठाऊक आहेत, शहाण्या आणि दाखला लागणाऱ्या. मधली, जी स्वयंपाक करते, शेतात जाते, नावाने हाक मारली तर उत्तर देते आणि रात्र रात्र जागी असते, ती पहिल्या रकान्यात जाऊन पडते आणि तिला कोणी काही विचारत नाही. दाखला लागलाच, तर मनाची साक्ष नवऱ्याने द्यायची! दुखणे पुष्कळदा ज्या नात्यातून आलेले असते, साक्षही त्याच नात्याची.

महाराष्ट्रात मनाचा आजार आणि स्त्रीचे गर्भाशय हा विषय एकत्र चर्चेला आला तो फार भीषण रूपात. १९९४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या सरकारी निवासगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. तो प्रश्न बौद्धिक अपंगत्वाचा होता, नैराश्याचा नव्हता. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास बंदी घातली. टोकाचा अन्याय यामुळे तरी कायद्याच्या नजरेत आला. रोजचा, बिनबोभाट होणारा आलेला नाही.

बाळंतिणीचे मन

ऑपरेशन असो की तांबी, आपल्याकडे त्याची वेळ बाळंतपणाला जोडलेली असते. तिथेच बाई दवाखान्यात हाती लागते, असा साधा हिशेब त्यामागे आहे. तिची खाट, तिचे सलाईन, तिची सही सगळे एका जागी. म्हणून बाळंतिणीचे मन कसे असते, हे माहीत असल्याशिवाय या निर्णयांची समीक्षा होऊ शकत नाही. आपल्यासारख्याच घरांतून झालेली एक चांगली मोजणी गोव्याची आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००२ साली प्रसिद्ध केली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून २५२ स्त्रियांचा पाठपुरावा झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातील ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, नैराश्य होते. त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे. बाळ मुलगी असेल तर या कारणांची धार आणखी वाढत होती.

हे शेवटचे वाक्य खानदेशात वाचताना २०११ ची जनगणना शेजारी ठेवावी. जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ज्या घरात दुसरी मुलगी झाली म्हणून तोंडे उतरतात, त्या घरात बाळंतिणीला दोन गोष्टी एकाच वेळी सोसाव्या लागतात. नैराश्याचा धोका तिला जास्त, आणि साधन वापरण्याची मुभा तिलाच कमी, कारण मुलगा होईपर्यंत 'सध्या काही नको' असे ठरलेले असते. पहिल्यांदा मुलगा झालेल्या सुनेला तांबीबद्दल निदान विचारले तरी जाते. आखाजीला माहेरी आलेली लेक झोक्यावर बसून आईला जे सांगते, त्यात या गोष्टी असतात. दवाखान्यातील कार्डावर त्यांना जागा नाही. 'मला नैराश्य आहे' असे ती अर्थातच म्हणत नाही. जीव लागत नाही, छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, डोके भणभणते, अंगावरून पांढरे जाते, असे सांगते.

या शेवटच्या तक्रारीजवळ थोडे थांबू, कारण तांबीचे भवितव्य पुष्कळदा तिच्यावर ठरते. गोव्यातच सुमारे अडीच हजार स्त्रियांची दुसरी एक पाहणी झाली. त्यांच्यातील १४.५ टक्के स्त्रियांची पांढरे जाण्याची तक्रार होती. प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा या तक्रारीचा जंतुसंसर्गाशी संबंध क्षीण आढळला, आणि मनाच्या त्रासाशी घट्ट. मग तांबी काढून टाकली, प्रतिजैविकांचा एक डोस दिला, तर काय होईल? साधन जाईल, त्रास राहील आणि सहा महिन्यांनी दिवस राहतील. सगळ्याचे खापर तांबीवर फुटलेले असल्याने ती बाई पुन्हा तांबीकडे वळणार नाही, ती शेजारणींनाही सांगेल.

म्हणून पांढरे जाणे म्हणजे मनाचा खेळ, असा निष्कर्ष कुणी काढील तर तोही तितकाच घातक ठरेल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया प्रत्यक्ष तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, आणि त्यांतल्या बहुतेकींची तोवर तपासणीही झालेली नव्हती. गडचिरोली आणि गोवा यांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध नाहीत. दोन्हींचे म्हणणे हेच की तक्रारीवरून अंदाज बांधू नका, तपासा. शरीर तपासा आणि मनाचेही विचारा. थकव्याच्या बाबतीत तर हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय बोलूच नये. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि तांबीने पहिले काही महिने पाळीचा स्राव वाढतो.

इंजेक्शनाची गोष्ट निराळी. 'अंतरा' या नावाने ते २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम. इंजेक्शनांना आपल्या देशात जुना विरोध आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'नेट-एन' या इंजेक्शनाच्या चाचणीसाठी बायका जमवल्या, पण ही चाचणी आहे हे त्यांना सांगितले नव्हते. १९८६ साली स्त्री शक्ती संघटना आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा मूळ आक्षेप, सांगून-समजावून न देण्याचा, आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. नैराश्य असलेल्या स्त्रीला हे इंजेक्शन चालते. परंतु गोळी सोसली नाही तर उद्या थांबवता येते, तांबी काढता येते. टोचलेले औषध परत घेता येत नाही. मन बिघडते आहे असे वाटले तरी तीन महिने थांबावे लागते. शिवाय पहिल्या काही महिन्यांत स्राव केव्हाही, कितीही होतो. वरणगावच्या किंवा साक्रीच्या ज्या घरात कानबाईच्या रोटांना पाळीची बाई हात लावत नाही, तिथे पंधरा पंधरा दिवस 'बाहेर' बसावे लागणे ही किरकोळ बाब नव्हे. आधीच एकटी पडलेली बाई त्याने आणखी एकटी पडते. हा परिणाम रक्तातील संप्रेरकाच्या मोजमापात दिसणार नाही. तो टाळायला महागडे काही लागत नाही. स्राव होईल, तो धोक्याचा नाही आणि पुढे पाळी बंदही राहू शकते, एवढे तिला आणि तिच्या सासूला आधी सांगावे लागते.

दोन खिडक्या

आता राहिली मेंदूच्या डॉक्टरांच्या गोळ्यांची चिठ्ठी. आमच्या मते ही सगळ्यांत निकडीची, कारण इथे न विचारण्याची किंमत पोटातल्या बाळाला मोजावी लागू शकते. नैराश्यावर आज नेहमी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही औषधे गर्भनिरोधक संप्रेरकांचा परिणाम कमी करत नाहीत. तांबीला तर कोणत्याच औषधाची अडचण नाही. पण मनाच्या तीव्र चढउतारांवर, आणि फिटवरही, दिले जाणारे कार्बामाझेपिन यकृतातील काही विकरांचे काम वाढवते. ही विकरे गोळीतील संप्रेरके भराभर मोडतात, रक्तातील पातळी घसरते आणि बाई नेमाने गोळी घेत असूनही दिवस जाऊ शकतात. फिटवरील फेनिटॉइन आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन यांचेही तेच. अशा वेळी तांबी किंवा अंतरा चालते, गोळी नको.

लॅमोट्रिजिन या औषधाचे उलटे आहे. इथे गोळीतील इस्ट्रोजेनमुळे औषधच लवकर निघून जाते, त्याची पातळी निम्म्यावर येऊ शकते, आणि पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात ती पुन्हा चढते. आजार का बळावतो, मध्येच चक्कर का येते, हे घरात कुणाला कळत नाही. व्हॅल्प्रोएटबाबत गर्भनिरोधक निकामी होण्याची भीती नाही, पण चुकून दिवस गेले तर गर्भाला मोठी इजा होते : १०० बाळांपैकी सुमारे १० जणांत जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० जणांत वाढीच्या व बुद्धीच्या अडचणी. हे औषध घेणाऱ्या स्त्रीला खात्रीचे साधन मिळणे हा औषधोपचाराचाच भाग मानायला हवा. भीतीपोटी तिने गोळ्या अचानक बंद करणे मात्र तितकेच धोक्याचे आहे.

हे सारे औषधशास्त्राच्या पुस्तकांत आहे. डॉक्टरांना ते शिकवलेले असते. मग घडत का नाही? कारण खिडक्या दोन आहेत. शिरपूर किंवा यावल तालुक्यातल्या बाईची तांबी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसते, माला-एनचे पाकीट आशाताई घरी आणून देते, आणि मनाची औषधे जिल्ह्याच्या गावी, धुळ्याला नाहीतर जळगावला, मिळतात. एका खिडकीवर ती 'पात्र जोडपे' असते, दुसरीवर 'मनोरुग्ण'. मनोविकारतज्ज्ञ पाळी केव्हा आली ते विचारत नाहीत, नर्सबाई झोपेचे विचारत नाहीत. दोन कागद दोन पिशव्यांत राहतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला आणि कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम त्याहून कितीतरी जुना, १९५२ चा. इतक्या वर्षांत दोघांनी एकच कार्ड छापले असते तर खर्च फार आला नसता.

त्या कार्डावर दोन प्रश्न पुरे होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे झाले का? मन खचल्यासारखे, आशा संपल्यासारखे वाटले का? जगभर पहिली चाळणी म्हणून असेच दोन प्रश्न वापरतात. उत्तर 'हो' आले म्हणजे आजार ठरला असे नाही, पुढे विचारायचे एवढेच. तिसरा प्रश्न औषधांचा : कोणत्या गोळ्या चालू आहेत, पाकीट आणले आहे का? आणि साधन सुरू केल्यावर तीन महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा. आधीचे उत्तर नोंदलेले असेल तरच नंतरच्या उत्तराला अर्थ येतो. गोळीने मन बिघडले की ते आधीच बिघडलेले होते, हे ठरवण्याची दुसरी वाट नाही. प्रयोगाआधी तापमापीचा आकडा लिहून ठेवा असे आपण आठवीच्या मुलांना सांगतोच.

शिक्षकांनी यात काय करावे, असे विचारले जाईल. औषध सुचवणे हे त्यांचे काम नाही. चिठ्ठ्यांना उत्तर देणे मात्र आहे. या विषयाची महाराष्ट्रातील सुरुवातच एका शिक्षकाने केली. र. धों. कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' चालवत राहिले. आजच्या शिक्षकाला नोकरी गमवावी लागणार नाही. फार तर एखादे पालक मुख्याध्यापकांना भेटायला येतील.

वर्गात डेन्मार्कचा तक्ता फळ्यावर मांडावा. १७ आणि २२ हे आकडे द्यावेत आणि मथळा मुलांना लिहू द्यावा. निम्मी मुले भयंकर मथळा लिहितात, निम्मी निवांत, आणि दोन्ही एकाच आकड्यांतून निघालेले असतात. मग या मोजणीतून कोणाला वगळले होते ते सांगावे. बारावीच्या मुली अठरा वर्षांच्या असतात. खानदेशात त्यांतल्या काहींचे साखरपुडे झालेले असतात, आणि एखादी फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेत असते, जे तिच्या होणाऱ्या सासरी सांगितलेले नसते. तिला तासानंतर वेगळे गाठून काही विचारू नये. जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी कोणता बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि १४४१६ या 'टेलि-मानस'च्या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून मराठीत बोलता येते, हे फळ्याच्या कोपऱ्यात सर्वांसाठी लिहावे आणि तास संपला तरी पुसू नये.